सोमलीबाईची कांचळी

आर्णीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबा जिवंत माणसांचे कपडे शिवायचे आणि मागच्या खोलीत आई मेलेल्या राजांचे. हे मी आल्यागेल्या पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगायची आणि आईचा धपाटा खायची, पण त्यात खोटं काही नव्हतं. बाबांचं शिंप्याचं दुकान होतं. पायजमे, शाळेच्या चड्ड्या, लग्नसराईत एखादा कोट. आईची ड्रेपरी होती. आजूबाजूच्या तालुक्यांत कुठे शाळेचं गॅदरिंग असो की गणपतीतलं ऐतिहासिक नाटक, पोशाख भाड्याने आमच्याकडून जायचे. मागच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांवर मावळे, मोगल सरदार, पेशव्यांचे कारकून, इंग्रज साहेब असे सगळे खांद्याला खांदा लावून लटकत असायचे. मी त्यांच्याखाली अंथरूण टाकून झोपायची. त्या खोलीला डांबरगोळ्यांचा, मिशा चिकटवायच्या डिंकाचा आणि परक्या घामाचा वास होता. अजूनही एखादी जुनी पेटी उघडली आणि तो वास आला की मला क्षणभर घरी आल्यासारखं वाटतं, आणि लगेच पुढचं सगळं आठवून पेटी बंद करावीशी वाटते.

घरात कायदा एकच होता. दोरीवर आलं की ते भाड्याचं. बाबांचा लग्नातला कोट कलेक्टर होऊन बाभुळगावला गेला आणि बाहीवर शाईचा डाग घेऊन परतला. आईचा शालू दर हिवाळ्यात तीन-चार राजमातांच्या अंगाला लागायचा. माझा दिवाळीचा परकर घाटंजीच्या कुठल्याशा परीने नेला तो फाटूनच आला. मी भोकाड पसरलं तर आई सुईतून नजर न काढता म्हणाली, "मंग दोरीवर कायले टांगला?" हिवाळा म्हणजे आमचा हंगाम. तुरीचे हिरवे सोले बाजारात यायचे तेव्हाच शाळांचे शिपाई सायकलीवर टिपणं घेऊन यायचे. चुलीवर सोलेभात रटरटत असायचा, पाट्यावर जवसाची चटणी वाटली जायची, आणि जेवतानाही आईच्या पदराला दोन सुया टोचलेल्या असायच्या. बाबांच्या मशीनची खडखड थांबली की समजायचं, आता जेवण आहे किंवा बिघाड आहे.

आईचा हात मोठा कसबी होता. पुठ्ठा, कापूस आणि मखमलीचा तुकडा एवढ्यावर ती जिरेटोप उभा करायची. चिलखतासाठी माझ्याकडून सुतळी विणून घ्यायची आणि तिला चांदी-रंग मारायची, लांबून लोखंडच वाटायचं. पण तिची खरी करामत नव्याला जुनं करण्यात होती. कोरं कापड उजेडात कोरंच दिसतं, त्यात सरदार दिसत नाही, वाण्याचा मुलगा दिसतो. म्हणून ती चहाच्या पाण्यात काथ घालून कापड बुडवायची, कोपरांवर विटेची पूड चोळायची, काठ भिंतीवर घासायची आणि बाबांच्या कोळशाच्या इस्त्रीने वाळवायची. "मानसाचं अंग जिथं घासते तिथंच कापड जुनं होते," ती मला शिकवायची. "सगळीकडं फासलं का चोरी पकडली जाते." हे सगळं मी दहाव्या-अकराव्या वर्षीच शिकले. पुढे त्याचा काय उपयोग होणार आहे हे माहीत असतं तर हात तोडून घेतले असते.

प्रत्येक गॅदरिंगला एक लमाणी नाच असायचाच. नदीपलीकडे तांडा होता, बाजाराच्या दिवशी तिथल्या बाया तो भरगच्च पोशाख घालून गावात यायच्या आणि शाळांना तोच हवा असायचा. घेरदार फेटिया म्हणजे घागरा, पाठीवर दोऱ्यांनी बांधायची कांचळी म्हणजे चोळी, वर ओढणी. आईने बाजारात बायांकडे बघून बघून सहा जोड शिवले होते. कवड्या खऱ्या होत्या, त्या स्वस्त मिळायच्या. आरसे मात्र पुठ्ठ्याच्या चकत्यांवर बेगड चढवून केलेले, चमचमणारा नुसता कागद. उजेड पडला की चमकायचे, ताशा वाजला की पोरी नाचायच्या, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

सोमलीबाई आमच्याकडे आली ती सीताफळांची पाटी घेऊन. चांगली उंच, वाळकी म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सीताफळं खाली ठेवून तिने पाटीच्या तळातून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक जोड काढला. तिच्या लग्नातला. फेटियाची कंबर उंदरांनी कुरतडली होती आणि कांचळीचे बरेच आरसे धागे कुजून निखळले होते, ते तिने एका पुरचुंडीत जपून ठेवले होते. आता दिसत नाही, आणि सुनेला हे टाके येत नाहीत, एवढंच ती म्हणाली. आईकडे वेळ नव्हता. म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि त्या पावसाळ्यानंतरच्या प्रत्येक बाजाराला सोमलीबाई आमच्या ओसरीवर येऊन बसायला लागली.

मी तिला याडी म्हणायची, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. ती मला छोरी म्हणायची, माझं नाव तिने कधी विचारलंच नाही. शिकवायची तिची रीत विचित्र होती. मी आरसा बसवून दिला की ती त्यावरून बोट फिरवायची. काच चिकटवायची नसते, चारी बाजूंनी धाग्याचं कुंपण घालून तिला आत धरायचं असतं. कुंपण कुठे सैल असेल तर एक अक्षर न बोलता ती सगळा धागा ओढून काढायची आणि आरसा माझ्या मांडीवर टाकायची. पहिल्या बाजाराला मी सात वेळा तोच आरसा लावला. मला तिचा असा संताप आला होता की मी तिला पाणीही विचारलं नाही. आठव्या वेळी तिचं बोट फिरलं आणि थांबलं नाही.

आरसे एकसारखे गोल नव्हते. काही लांबट, काहींना एका बाजूला सपाट कड. मी नाक मुरडून विचारलं, "याडी, असे वाकडे कोन्या दुकानातून आनले?"

"दुकान नाई नं काई," ती म्हणाली. "लग्नाआंधी माह्या मानसानं पुसदच्या बाजारातून तोंड पाहाचा आरसा आनलाता. एवढा मोठा. म्या फोडला. गोट्यावर घासू घासू तुकडे गोल केले. थो महिनाभर बोलला नाई माह्यासंगं."

"मंग?"

"मंग हे घालून त्याच्यासमोर गेली. तवा बोलला." आणि ती तोंडाला ओढणी लावून हसली.

कांचळीवर एकंदर अठ्ठावीस आरसे होते. दिवाळी उलटून गेल्यावर शेवटचा बसला. मी घडी करून जोड तिच्या पाटीत ठेवायला गेले तर ती नको म्हणाली. घरी उंदीर आहेत, आणि आमच्या पेटीत डांबरगोळ्या असतात. मग तिने आईला हाक मारून जवळ बसवलं.

"तुह्या पेटीत राहू दे, बाई. मी गेली का मानूस येईल घ्याले. याच्यातच जाईन मी."

"असं अभद्र कायले बोलता?" आई म्हणाली.

"अभद्र काय त्याच्यात? बुढ्याच्या मांगं राह्यली तर हे अंगावर चढत नाई. आमच्यात रांडावलेल्या बाईले हे घालता येत नाई. बुढ्याच्या आंधी गेली तर सजून जाईन. तेवढंच मांगनं हाय माह्यं."

आईने तो जोड पत्र्याच्या पेटीत अगदी तळाशी ठेवला आणि मला बजावलं की याला हात लावायचा नाही. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, हेही खरं.

जानेवारीत आई मामाकडे बाभुळगावला साखरपुड्याला गेली. दोन दिवस ड्रेपरी माझ्यावर होती, मी सतरा वर्षांची होते आणि अंगात येऊ नये तेवढी ऐट आलेली होती. ढाणकीच्या एका शाळेतल्या बाई आल्या, त्यांच्या मुलींचा लमाणी नाच स्पर्धेला निघाला होता. सहापैकी पाच जोड त्यांनी घेतले. सहावा हातात धरून त्या म्हणाल्या, "बेगड दिसते गं लगेच. निदान मधल्या मुलीला तरी काही चांगलं नाही का तुमच्याकडे?" बाईंचा यात काडीचा दोष नाही. त्यांनी दुकानात विचारावं तसं विचारलं. मला मात्र ते झोंबलं. दोन महिने बोटं टोचून घेऊन केलेलं माझं काम पेटीच्या तळाशी अंधारात पडलं होतं आणि इथे कुणीतरी माझ्या तोंडावर आमच्याकडे चांगलं काही नाही म्हणत होतं. मी पेटी उघडली. जोड काढून त्यांच्यासमोर धरला तेव्हा बाईंचा चेहरा जो खुलला तो बघायला मी ते केलं, दुसऱ्या कशासाठीही नाही. भाडंसुद्धा मी वेगळं सांगितलं नाही. चार दिवसांत परत येणार होता. त्या गेल्यावर मी पेटी नीट लावली आणि सोलेभात खाऊन झोपले. झोपही छान लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई परतली, आणि दुपारी तांड्यावरून दोन माणसं आली. एक सोमलीबाईचा नवरा, काठीवर वाकलेला. दुसरी तिची सून हेमली. पहाटे चूल पेटवताना सोमलीबाई बसल्या जागी गेली होती. म्हातारा दुकानाच्या पायरीवर बसला आणि बाबांना म्हणाला, "तिचा जोड घ्याले आलो. दिवस बुडाच्या आंधी न्याचं हाय तिले."

आई आत आली, पेटी उघडली, तळापर्यंत हात घातला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगायची गरजच पडली नाही. ढाणकीला जाऊन यायचं तर एस.टी.ने दिवस मोडला असता. आई मला मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पडदा ओढून इतकंच म्हणाली, "चहाचं पानी ठेव. काथ काढ." बाहेर जाऊन तिने गोड आवाजात म्हाताऱ्याला सांगितलं की जोडाला जरा इस्त्री करून देतो, बसा, चहा घ्या. एकाच पातेल्यातला चहा त्यांना बाहेर दिला आणि उरलेल्यात आम्ही सहावा जोड बुडवला.

पुढचा तासभर आम्ही दोघी त्यावर राबलो. मी चमकीची झालर उसवली, आईने कमरेला उंदरांनी कुरतडल्यासारखं करून वर माझ्यासारखाच रफू घातला. काखेत आणि मानेला काळपट केलं, बाकी ठिकाणी हात राखला. बेगडीच्या चकत्या मी कातरीने कडेला कापून वाकड्या केल्या, कारण कुठली लांबट होती आणि कुठली एका कडेला सपाट होती ते मला डोळे मिटून आठवत होतं. बेगडीवर राखेचं बोट फिरवून चकाकी घालवली. बाबा आत आले, इस्त्री घेतली, काही न विचारता कापड वाळवून दिलं आणि परत बाहेर जाऊन बसले. मी आयुष्यभर हाच धंदा केला, यवतमाळात माझं दुकान नावाजलेलं होतं, पण त्या दुपारी केलं त्याहून सरस काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आणि तरी ते खरं आहे.

म्हाताऱ्याने जोड मांडीवर घेतला. त्याचेही डोळे अधूच होते. "हाच," तो म्हणाला. "हाच घातलाता तिनं." मग त्याने तो सुनेकडे दिला. हेमलीने घेता घेता एका आरशावर बोट टेकवलं. थंडीत काच गार लागते आणि दाबली तर दबत नाही. तिचं बोट तिथेच राहिलं. तिने मान वर करून आधी आईकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"बुढी म्हने, टाके पोरीनं घातले," ती म्हणाली. "मंग पोरीनंच घालून द्यावं तिले. चाल."

आईला नाही म्हणता आलं नाही. मी त्यांच्यामागून नदीचा पूल ओलांडून तांड्यात गेले. घरात बाया एका सुरात रडत होत्या. हेमलीने सगळ्यांना बाजूला केलं, सासूला खांद्याला धरून उठतं केलं आणि मी कांचळी चढवली. सोमलीबाईचं अंग गार आणि ताठ झालं होतं, तिचा हात बाहीत जाईना. पाठीच्या दोऱ्या बांधताना माझ्या बोटांखाली पुठ्ठ्याच्या चकत्या वाकत होत्या. हेमलीने अगदी हळू विचारलं, "कागद हाय न हा?" मी मान हलवली. ती म्हणाली, "बुढ्याले समजू देऊ नको. बांध घट."

मी बांधलं. दिवस बुडायच्या आत नेलं तिला. मी पुलावरून धूर बघितला.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. चौथ्या दिवशी ढाणकीहून शिपाई आला, पोशाखांचं गाठोडं आणि मधल्या मुलीला पहिलं बक्षीस मिळाल्याची चिठ्ठी घेऊन. खऱ्या कांचळीच्या गळ्याला पावडर लागली होती, बाकी काही झालं नव्हतं. मी ती छातीशी धरून तांड्यात द्यायला निघणार, तोच हेमली दारात उभी राहिली.

"कायले आनते तिकडं?" ती म्हणाली. "थे तर घालून गेली. बुढ्याले काय सांगू, दोन होते म्हनून?" मग ती पायरीवर बसली. तिचा राग त्या दिवशी मला दिसला नाही, ती फक्त फार थकलेली होती. "बुढा राखीत आरसे धुंडून राह्यला. कवड्या सापडल्या. म्हने, कवड्या हायत तं आरसे कुठी गेले? काच जळत नाई म्हने. कालपासून थोच बसला हाय तिथं, चाळनी घेऊन. भाकर खाऊन नाई राह्यला. एक काढून दे मले."

मी कातरी आणली. पहिला आरसा काढला तो नेमका तोच, जो मी सात वेळा लावला होता. धागा सुटेना, चांगलाच बसवला होता. मग मी तो दिव्याच्या ज्योतीवर धरून काळा केला, पण सगळीकडे नाही, एका कडेने जास्त, जसा ज्वाळेत पडलेला काळा होईल तसा. हेमलीने तो पदराच्या गाठीला बांधला. राखेत टाकून पुन्हा शोधून त्याच्या हातात देणार होती. मला वाटलं, संपलं. म्हाताऱ्याला त्याचा आरसा मिळाला, तो जेवेल.

पुढच्या बाजाराला हेमली परत आली. म्हाताऱ्याने आरसा धोतराला पुसला होता, हातात फिरवून ओळखला होता, आणि मग सुनेला विचारलं होतं, "एकच कसा?" बाकीचे फुटले म्हणावं तर तुकडे सापडायला हवेत. एक सापडल्यापासून तो जास्तच चिवटपणे शोधायला लागला होता. राख नदीत सोडली होती तरी त्या जागेवरची माती चाळायचा, सकाळी जायचा तो दुपार टळेपर्यंत. "अजून एक दे," हेमली म्हणाली. मी अजून एक दिला. त्याच्या पुढच्या बाजाराला अजून एक. एकदम दिले तर त्याला संशय येईल, असं तिचं म्हणणं होतं, आणि सगळे संपले तर तो काय करील याची तिला भीती होती. मी ज्योतीवर आरसे धरत राहिले. आईने एकदाही मला थांबवलं नाही की मदत केली नाही. तिने मागच्या खोलीत माझ्यासाठी एक दिवा वेगळा ठेवून दिला होता एवढंच. बारावीची परीक्षा आली नि गेली, गावात लग्नं लागली, बाबांकडे कोट शिवायला पडले, आणि दर बाजाराला मी माझाच एक टाका उसवत होते. काच तापली की बोटं पोळायची. मी चिमटा वापरत नव्हते.

पेरणीच्या तोंडावर एका बाजाराला हेमली आली आणि पायरी चढलीच नाही. मी आतून कातरी घेऊन आले होते.

"ठेव," ती म्हणाली. "बुढा गेला परवा. एकवीस होते त्याच्यापाशी. पुरचुंडीत बांधून त्याच्या मुठीत देल्ले आन् नेलं त्याले."

कांचळीवर सात राहिले होते. मी ती आणून तिच्यापुढे धरली. म्हटलं, आता तरी ही घेऊन जा, आता विचारणारं कुणी नाही. हेमलीने कांचळीवरून एकदा हात फिरवला, सासूसारखाच, प्रत्येक आरशावर बोट थांबवत. मग ती माझ्या हातात परत दिली.

"नको. सात तुह्यापाशी राहू दे," ती म्हणाली. "तुले याद राह्यली पाह्यजे."